इंजेक्शन लागू पडलं नाही म्हणून डोळा सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘डोळ्यात इंजेक्शनं घेऊन पाहिली, फरक नाही, आता पैसे कशाला घालवायचे’ असं म्हणून डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) सुजेवरचे उपचार सोडलेला मधुमेही नागपुरात जवळपास प्रत्येकाच्या ओळखीत निघेल. माझी थोरली बहीण त्याच वाटेवर होती. आपली शुगरच वाईट, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

धंतोलीत पडद्याच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा त्यांनी ओसीटीचं, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनचं, चित्र समोर धरलं. पडद्याच्या मधोमध, जिथे नजर सगळ्यात तीक्ष्ण असते तिथेच, पाण्याचे काळे कप्पे साचलेले. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना पांढऱ्या पेशी आतून चिकटू लागतात, वाहिन्यांच्या भिंती झिरपतात आणि सूज येते. व्हीईजीएफ नावाचं प्रथिन हे झिरपणं वाढवतं. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही इंजेक्शनं मुख्यतः त्याच प्रथिनाला अडवतात आणि बहुतेकांची सुरुवात त्यांनीच होते, ते योग्यच आहे. पण इंटरल्युकिन-६ सारखी दाह पेटता ठेवणारी इतर द्रव्यंही तिथे असतात. सूज जुनी असेल तर त्यांचा वाटा मोठा असू शकतो. अशा डोळ्यात स्टेरॉइड कामी येऊ शकतं, कारण ते दाह आणि व्हीईजीएफ दोन्ही खाली आणतं.

बहिणीच्या डोळ्यात डेक्सामेथासोनची बारीक कांडी सोडली. औषध अवघं ०.७ मिलिग्रॅम, कांडी आपोआप विरघळते, असर काही महिने राहतो. पुढच्या ओसीटीत ते कप्पे आक्रसलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. डोळ्याचा दाब मात्र वाढला आणि थेंब सुरू करावे लागले. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काचबिंदू असलेल्यांनी तर हा उपाय फारच जपून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

आणि एक कळकळीची विनंती. दाह म्हटलं की मेडिकल स्टोअरमधून स्टेरॉइडचे थेंब किंवा दुखण्याच्या गोळ्या आणून मनानेच सुरू करू नका. १९६४ मध्ये संधिवातासाठी सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या जातीचं औषध) घेणाऱ्या मधुमेहींचे पडदे कमी बिघडल्याची नोंद झाली होती, म्हणून मोठी आशा वाटली. पण पुढे अमेरिकेतल्या ईटीडीआरएस या मोठ्या चाचणीत रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊनही पडद्याचा आजार थांबला नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तर साखर आणखी चढते.

पडद्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी घरच्यांना समजेल अशा मराठीत सांगावं, की हे उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि एक औषध लागू पडलं नाही तर पुढे काय करता येतं. निम्म्या लोकांचं मध्येच सोडणं टळेल, असं मला मनापासून वाटतं. मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांत शुगर दाखवायला लांबच्या गावाहून एसटीने येणाऱ्याचा पडदाही त्याच फेरीत तपासून व्हावा. आजार बराच वाढेपर्यंत नजर स्वच्छ राहू शकते, त्यामुळे तो आपणहून डोळे दाखवायला येणार नाही. टाइप २ मधुमेह कळला त्याच वेळी आणि पुढे साधारण दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी. आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या पडदातज्ज्ञाकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्यावा.

आपली,
एक वाचक, महाल, नागपूर