सिंधू भावाबरोबर का गेली नाही?

टिळकवाडी, बेळगाव
श्रावण

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की बाबा "आवाज तुटतोय, मागनं बोलू" म्हणतात, आणि आई फोन हातात घेऊन पोरांचा खोकला गेला का ते विचारते. म्हणून कागद घेऊन बसलेय. जरा लांबेल, दुपारचं जेवण झाल्यावर वाचा.

इकडे पावसाने नुसता उच्छाद मांडलाय. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली की पोरं घरात आणि मोबाईलवरून भांडणं. शेवटी ह्यांनी टीव्हीवर यूट्यूब जोडून दिलं आणि मी म्हटलं, आता माझ्या आवडीचं बघायचं. बाबांची आवडती जुनी संगीत नाटकं लावली. सौभद्र, शारदा, संशयकल्लोळ, एकच प्याला. जुने प्रयोग, चित्र पुसट, पण गाणी ऐकू येतात. धाकटा आधी तोंड वाकडं करून बसला होता. सौभद्र लिहिणारे किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे म्हटल्यावर "ते कन्नड गाव नव्हं?" म्हणून सरसावून बसला. कन्नड गावच्या माणसाने मराठी संगीत नाटक उभं केलं याचं त्याला फारच कौतुक वाटलं. शाळेत कुणाशी तरी भाषेवरून वाद झाला असावा, त्याला आता मुद्दा मिळाला.

खरी गंमत थोरलीची. तिची शाळा इंग्रजी, दुसरी भाषा कन्नड, मराठी फक्त घरातली. पद सुरू झालं की ती चाल ऐकत नाही, व्हिडिओ थांबवते आणि "म्हणजे काय?" विचारते. बाबा, मला तुम्ही पेटीजवळ बसवून सगळी पदं पाठ करून घेतलीत, पण अर्थ मी कधी विचारला नाही आणि तुम्ही सांगितला नाहीत. मला 'वद जाऊ कुणाला शरण' म्हणजे तुमचा वर चढणारा आवाज आणि समोरच्या काकांची मान डोलणं. तिला ते सौभद्रातल्या सुभद्रेचं, एका मुलीचं बोलणं वाटतं, जिचं लग्न भावाने परस्पर दुसरीकडे ठरवलंय.

"तिला कुणी विचारलं का?" हा सौभद्र बघतानाचा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, बलरामदादा कडक आहे, पण कृष्ण तिच्या बाजूचा आहे, तो सगळं जमवून आणतो. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण कृष्ण तरी कुठं विचारतोय? तो पण आपलं आपणच ठरवतो आणि तिला सांगत पण नाही." आणि खरंच की. जिच्या मनात अर्जुन, तो अर्जुनच संन्याशाच्या वेशात तिच्याच घरात येऊन राहतो, ती त्याची सेवा करते, प्रेक्षकांना सगळं ठाऊक आणि तिला एकटीलाच काही ठाऊक नाही. एक भाऊ दरडावून ठरवतो, दुसरा हसून ठरवतो. आम्ही इतकी वर्षं हसणाऱ्या भावाला टाळ्या दिल्या. कृष्ण रुक्मिणीची समजूत काढतो ते 'नच सुंदरि करू कोपा' मात्र तिला आवडलं. "हा निदान सॉरी तरी म्हणतोय," असा शेरा मिळाला.

शारदेत माझी चांगलीच तारांबळ उडाली. 'म्हातारा इतुका न' ऐकून दोघं लोळून हसली. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर हे कळल्यावर धाकट्याने "म्हणजे आज्जांपेक्षा पण म्हातारा!" म्हणून आणखी एकदा लावायला लावलं. पण पुढे बाप पैशासाठी पोरीला त्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो आणि 'मूर्तिमंत भीति उभी' येतं, तेव्हा थोरली हसायची थांबली. तिचं वय आता त्याच आसपासचं. मी घाईघाईने सांगितलं की शेवटी लग्न मोडतं. कसं मोडतं, म्हणाली. तर मांडवात कोदंड नावाचा तरुण येऊन वधूवर सगोत्र असल्याचं सांगतो म्हणून.

"म्हणजे गोत्र वेगळं असतं तर झालं असतं?"

बाबा, याला काय उत्तर देणार? देवलांनी १८९९ साली हे लिहिलं याचं मला आजही मोठं नवल वाटतं. त्याच्या आठच वर्षं आधी, १८९१ मध्ये, सरकारने मुलींचं संमतीवय दहावरून बारावर नेलं तर केवढा गदारोळ झाला होता. त्या लोकांसमोर एका पोरीचा रडवेला आवाज उभा करणं सोपं नव्हतं. आणि लग्न मोडायला शास्त्राचाच आधार घ्यावा लागला, कारण मुलगी नको म्हणते एवढं कारण त्या मांडवात कुणाला पुरलं नसतं. हे मी तिला सांगितलं आणि तिला पटलं. आणखी एक. तुम्ही नेहमी सांगता ना, की शारदा नाटकावरून शारदा कायदा आला म्हणून? तिने लगेच शोधून काढलं. १९२९ चा तो कायदा हरविलास सारडांच्या नावाने ओळखला जातो, मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा ठेवणारा. ती हे तुम्हाला सांगायला टपून बसलीय, तेव्हा आधीच सावध करते.

संशयकल्लोळला दोघं पोट धरून हसली. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो तशी कृत्तिकाही त्याच्यावर घेते, हिशेब बरोबरीचा. रेवती नायकिणीची मुलगी, तिच्यावर तिचा प्रियकर अश्विनशेठ इतक्या पटकन का उलटतो, हे सांगताना माझी जीभ अडखळली. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्माला मुली देवदासी म्हणून सोडायची चाल आपल्याच जिल्ह्यातली, ती बंद करायला १९८२ चा कायदा लागला. ते सगळं सांगायचं की नाही या विचारात मी होते तोवर नाटक पुढे गेलं. नंतर कधीतरी सांगेन.

आता एकच प्याला. आई, हे तुझ्यासाठीही आहे.

गडकऱ्यांनी नाटक दारूच्या विरुद्ध लिहिलं यात शंका नाही. सुधाकराचं वाटोळं होताना बघून धाकटा इतका घाबरला, की व्याख्यान द्यायची गरजच पडली नाही. पण थोरलीचं लक्ष त्याच्या बायकोवर, सिंधूवर. नवरा पितो, मारतो, ही लोकांचं दळण दळते, माहेरचा पैसा घेत नाही, कडेवरचं पोर जातं. भाऊ न्यायला आला तर 'कशि या त्यजू पदाला' म्हणते. बाबा, हे पद तुम्ही म्हणायचात तेव्हा ओसरीवर पान हलायचं नाही. मी स्वतः शाळेच्या गॅदरिंगला म्हटलंय, बक्षीस मिळवलंय. त्याचा अर्थ मी माझ्या तोंडाने माझ्या मुलीला सांगत होते आणि सांगता सांगता मला कसंसंच व्हायला लागलं. तिने विचारलं, "भाऊ बोलवायला आलाय की! श्रीमंत आहे, प्रेमाचा आहे. मग ही जात का नाही?"

मी म्हटलं, तो काळ वेगळा होता. तुम्हीही हेच म्हणाल, मला माहीत आहे. पण बाबा, ते नाटक १९१९ चं, शारदेनंतर वीस वर्षांनी आलेलं. काळ नुसता पुढे सरकला म्हणून बाईचं काही सुटलं असं दिसत नाही. आणि त्याच नाटकात सुधाकराचा दारूतला सोबती तळीराम, त्याची बायको गीता आहे, फटकळ, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. म्हणजे तशा बाया गडकऱ्यांना दिसत होत्या. पण पदं सिंधूला दिली, बालगंधर्व सिंधू झाले, आणि आम्ही रडलो सिंधूसाठी. गीतेचं बोलणं कुणाच्या घरात पाठ नाही.

बालगंधर्वांचा तुमच्या खोलीतला फोटो थोरलीने व्हिडिओ कॉलवर बघितलाय. ते पुरुष होते हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे लिहिणारा पुरुष, बाई झालेला पण पुरुष?" त्यांच्यासारखं लुगडं नेसायला, गजरा माळायला घरोघरच्या बायका शिकल्या हे तुम्ही अभिमानाने सांगता. मला आता वाटतं, कसं रुसायचं आणि कसं सोसायचं हेही त्यांच्याकडूनच शिकल्या असतील. गळा तर असा की ऐकणाऱ्याला वाद घालायचं सुचू नये. तो गळा माझ्याही कानातून जात नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. गायिका हिराबाई बडोदेकरांनी १९२९ च्या सुमारास स्वतःची नाटक कंपनी काढून रंगमंचावर उभं राहायचं धाडस केलं, हे मात्र आपल्या ओसरीवर कधी निघाल्याचं आठवत नाही.

आई, निपाणीला गणपतीत बाबांनी सुधाकर केला होता ते आठवतं? सिंधूसाठी एका प्रयोगाचे पैसे ठरवून मिरजेहून बाई आणली होती, आणि दळणाच्या प्रवेशात तिच्या अंगावर तुझं जुनेर होतं. मी पुढे बसून बघत होते. बाबांनी त्या बाईवर हात उगारला आणि मला वाटलं, तुलाच मारतायत. मी केवढ्याने रडले होते! लोकांना वाटलं अभिनय किती खरा. तू मागे चहाच्या किटलीपाशी होतीस, तुला नाटक दिसलंही नसेल.

त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या गल्लीतली ती तंबाखूच्या वखारीत जाणारी बाई रात्री पोराला घेऊन आली होती. नवरा तिचा पगार पिऊन टाकायचा. मग उरलेल्या वेळात ती विड्या वळायची आणि तेही पैसे जायचे. गल्लीतल्या म्हाताऱ्या जमल्या. एकीने चक्क सिंधूचं नाव घेतलं, "बाईनं कसं असावं, बघितलंस नव्हं नाटकात?" बाबा काहीच बोलले नाहीत. तू बोललीस का, मला आठवत नाही. पण तू तिला माजघरात अंथरूण घातलंस, सकाळी भाकरी बांधून दिलीस आणि तिच्या भावाच्या गावच्या एसटीत बसवून आलीस. तिकिटाचे पैसे तू कुठून दिलेस हे बाबांना अजून माहीत नसेल. आता झालं.

हे मी थोरलीला सांगितलं. तिने विचारलं, "आज्जीला सिंधू आवडते की नाही?" आणि मला उत्तर देता येईना. बाबांना कुठलं पद आवडतं, ते कुठल्या रागात आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तुला त्यातलं कोण आवडतं, कुणाचा राग येतो, हे मी एकदाही विचारलं नाही. मैफिलीत तुझ्या वाट्याला कपबशा आल्या. पण पदं तुला सगळी येतात, भांडी घासताना म्हणायचीस ती मी ऐकलीयत. तर आई, पत्राचं उत्तर या वेळी तू लिही. बाबांना सांगून लिहवून घेऊ नकोस, ते त्यांचं मत घालतील.

आणि बाबा, रागावू नका. नाटकं बंद केलेली नाहीत, उलट पोरं आता पुढचं मागतायत. थोरली 'कशि या त्यजू' म्हणायलाही शिकतेय, फक्त प्रत्येक ओळीला माझ्याशी भांडते. गणपतीला आम्ही येतोय. तेव्हा ती तुमच्याशीही भांडेल. "लहान आहेस, कळणार नाही" एवढं तेवढं म्हणू नका. पेटीचा भाता फाटलाय म्हणत होता, तो दुरुस्त करून घ्या, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत रांगणेकरांचं 'कुलवधू' असलं तर काढून ठेवा. त्या नाटकाची नायिका भानुमती स्वतः कमावणारी नटी आहे म्हटल्यावर थोरलीने ते आधी पुस्तकातून वाचायचं ठरवलंय. वाळवी लागली असेल तर कळवा, इकडे वाचनालयात बघते.

येताना कुंदा आणणार आहे, पण बाबांची साखर तपासून रिपोर्ट आधी पाठवायचा. रिपोर्ट नाही तर कुंदा सगळा आईला.

तुमची लेक