देवराईतले घोंगडीवाले बाबा आणि दोन मावशी यांचे आभार

रविवारी त्र्यंबकेश्वरकडच्या एका देवराईत बेहड्याच्या उंच फांदीवरचं आग्या मोहोळ अचानक उठलं. खाली आमची सहा माणसं, त्यात आजी आणि दोन पोरं. तेवढ्यात गुरं राखणारे एक बाबा धावत आले. "हात हलवू नका, तोंड झाका, लांब पळा!" एवढंच ओरडले. आजींच्या डोक्यावर स्वतःची घोंगडी टाकली आणि त्यांना हाताला धरून दाट करवंदीच्या जाळीपलीकडे नेलं. स्वतःच्या मानेवर किती डंख बसले, ते त्यांनी मोजलेही नसतील.

पुढचं काम मावशींचं. माशी उडाली तरी काटा आणि विषाची पिशवी कातडीत राहते आणि विष आत सोडत असते. म्हणून चिमटा शोधत न बसता त्यांनी अंगठ्याच्या नखाने एकेक काटा खरवडून काढला. तेही भराभर, कारण उशीर झाला की विष जास्त जातं. जागा पाण्याने धुतली. डंखाच्या वासाने इतर माशा चवताळतात, म्हणून परत त्या झाडाखाली पिशवी आणायला जाऊ दिलं नाही. (पिशवीत डबा होता, पोरांनी गळा काढला!) आजींचे ओठ सुजताहेत आणि श्वास लागतोय हे मावशींनीच ओळखलं. मग १०८ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत बाबा वाटेवर उभे राहिले.

आजी आता बऱ्या आहेत. तुम्हा तिघांना हे कळावं, म्हणून लिहिलं. मनापासून आभार.