रेडिओ दुर्बीण फोटो काढत नाही

संपादक महोदय,

रेडिओ दुर्बीण ‘फोटो काढते’ असे छापले की गोंधळ होतो. अनेक अँटेनांच्या अशा दुर्बिणीत अँटेनांच्या जोड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी फक्त मोजतात; चित्र मागाहून गणिताने जुळवतात, आणि नेमका तिथेच दीर्घिकेचा आकार बिघडतो. म्हणून आकार मूळ मोजमापांवरूनच काढावा.

आकार इतका जपायचा, कारण दूरच्या दीर्घिकेकडून येणाऱ्या लहरी वाटेतल्या वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणाने किंचित वाकतात आणि तिचा आकार ताणलेला दिसतो. या ‘दुर्बल गुरुत्वीय भिंगा’चा ताण जेमतेम १ टक्का, म्हणजे ०.०१. म्हणजे २० सेंटिमीटरची गोल भाकर एकीकडून २ मिलिमीटर लांब, दुसरीकडून तेवढीच आखूड! पण दीर्घिकांचा मूळचा चपटेपणाच (पूर्ण गोल म्हणजे ०) ०.३ च्या आसपास, त्यात हा ताण एकेका दीर्घिकेत दिसतच नाही. मात्र चपटेपणाच्या दिशा वेगवेगळ्या असल्याने १०,००० दीर्घिकांची सरासरी घेतली तर चूक (०.३ भागिले १०,००० चे वर्गमूळ) ०.००३ वर येते. आमच्या शाळांतली पोरं हे तुरीच्या दाण्यांवर सहज मोजतील. असे आकडे छापा, ही कळकळीची विनंती.

– विज्ञान शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ