जुलैमधले कोइंब्रा आणि आपले इतिहास-संशोधक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युरोपातील विद्यापीठांच्या उन्हाळी अभ्यासक्रमांविषयी आपल्याकडील वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात खर्च, व्हिसा आणि प्रेक्षणीय स्थळे यांपलीकडे सहसा काही नसते. मध्यस्थांच्या जाहिराती तर चार आठवड्यांत ‘जागतिक दृष्टी’ मिळवून देण्याची हमी देतात. पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठाच्या साहित्य विद्याशाखेत जुलै महिन्यात परदेशी विद्यार्थ्यांसाठी पोर्तुगीज भाषा आणि संस्कृतीचा वर्ग भरतो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी त्या वर्गात बसलो होतो. मराठ्यांच्या इतिहासावर संशोधन करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी तेथे अवश्य जावे, परंतु शहर पाहायला नव्हे, भाषेसाठी जावे, आणि आपल्या विद्यापीठांनी त्यांची वाट अडवू नये, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पोर्तुगीजच का, असे वसईकराने तरी विचारू नये. १७३७ ते १७३९ या काळातील चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेची मराठी बाजू आपल्याला पेशवे दफ्तरातून कळते. दुसरी बाजू पणजीच्या पुराभिलेखागारात आणि लिस्बनच्या दफ्तरखान्यांत पोर्तुगीज भाषेत पडून आहे. शिवाजी महाराजांचे कॉस्मी द ग्वार्दाने लिहिलेले चरित्र १७३० साली लिस्बनमध्ये पोर्तुगीज भाषेतच छापले गेले. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या कागदांवर उभी हयात घालवली, म्हणून आज मराठे-पोर्तुगीज संबंधांविषयी आपण काही अधिकाराने बोलू शकतो. मात्र माझ्या वाचनात आलेल्या अलीकडच्या प्रबंधांपैकी बहुतेकांत मूळ कागदाऐवजी इंग्रजी भाषांतराचा आधार घेतलेला असतो, आणि भाषांतरकाराने जे गाळले, ते संशोधकाच्याही नजरेतून निसटते.

मी स्वतः शब्दकोश हाताशी घेऊन वीसेक वर्षे पोर्तुगीज कागद वाचत आलो होतो, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या स्तरनिश्चितीच्या परीक्षेची मला अजिबात धास्ती नव्हती. लेखी भाग बरा गेला. मग समोरच्या बाईंनी काहीतरी विचारले, मी दोनदा पुन्हा विचारायला लावले, आणि प्रश्न केवळ ‘आपण कोठून आलात?’ एवढाच होता, हे तिसऱ्या खेपेला उमगले. पोर्तुगालमधील माणसे बोलताना निम्मे स्वर गिळून टाकतात, हे पुस्तकात वाचले होते. कानांनी ते कधी ऐकले नव्हते. माझी रवानगी प्राथमिक वर्गात झाली. तेथे माझ्या शेजारी जपान आणि पोलंडमधील विद्यार्थी होते, तसेच फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या पोर्तुगीज मजुरांची नातवंडेही होती, जी आजीशी बोलता यावे म्हणून आली होती. त्या खोलीत शिकण्याचे सर्वांत सबळ कारण त्यांच्यापाशीच होते, असे मला आजही वाटते.

मराठी माणसाला या भाषेत काही आयत्या सोयी आहेत. चावी, पगार, लिलाव, घमेले, बिजागरी, तुरुंग हे शब्द तिकडूनच आपल्याकडे आले. मे महिन्यात तेथील विद्यार्थी जो मोठा उत्सव करतात, त्याच्या नावातील ‘फिता’ म्हणजे आपली फीतच. वर्गात असे एखादे नाते सापडले की शब्द पाठ करावा लागत नाही. मात्र चार आठवड्यांत सतराव्या शतकातील हस्ताक्षर वाचता येईल, अशी आशा कोणी धरू नये. ती विद्या वेगळी आहे, आणि मोडी वाचणाऱ्याला हे निराळे सांगायला नको. म्हणूनच जाण्यापूर्वी वर्षभर तरी येथे भाषेचा पाया घातलेला असावा. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज भाषेचे शिक्षण उपलब्ध आहे. कोरी पाटी घेऊन जाणाऱ्याचा महिना ‘नमस्कार’ आणि ‘किती झाले?’ यांतच संपतो.

शहराविषयी थोडे लिहितो, कारण जाहिरातींत दिसते ते आणि जुलैमध्ये प्रत्यक्ष असते ते यांत अंतर आहे. विद्यापीठाची स्थापना राजा दिनिशने १२९० साली लिस्बनमध्ये केली आणि १५३७ पासून ते मोंदेगो नदीकाठच्या टेकडीवर, जुन्या राजवाड्यात कायमचे स्थिरावले. वर जाणाऱ्या पायऱ्यांचे नावच ‘पाठमोड्या’ अशा अर्थाचे आहे, आणि ते पाळले जाते. अठराव्या शतकातील ग्रंथालयात कीटक खाऊन पुस्तके राखणारी वटवाघळे आहेत, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र तेथे आपण वेळ ठरवून तिकीट काढून आत जातो, अभ्यासाला बसत नाही. जुलैमध्ये तेथील विद्यार्थी परीक्षा आटोपून गावी गेलेले असतात. विद्यार्थ्यांच्या पारंपरिक वेशातले काळे झगे घातलेली जी मुले भेटतात, ती बहुधा पर्यटकांसाठी गाणारी असतात. थोडक्यात, उन्हाळी विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या इमारती दिसतात, विद्यापीठ दिसत नाही.

आमचे वर्ग ज्या टेकडीवर भरत, तेथील जुनी वस्ती पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने पाडली आणि त्या जागी आजच्या भव्य इमारती उभ्या केल्या. सालाझार याच विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेत शिकवत असे. गोवा मुक्तिलढ्यातील तेलो मास्कारेन्हास यांनीही कायद्याची पदवी येथूनच घेतली, आणि पुढे सालाझारच्या तुरुंगात वर्षानुवर्षे काढली. हे मला तेथे कोणी दाखवले नाही. आपल्या विद्यार्थ्याने ते मनाशी घेऊनच तेथे उतरावे.

आता मुख्य अडचण. त्यांची उन्हाळी सुट्टी म्हणजे आपल्या पावसाळी सत्राची ऐन सुरुवात. जुलैमध्ये महिनाभर गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याची उपस्थिती भरत नाही, आणि महाविद्यालयातील तरुण प्राध्यापकाला त्या दिवसांत रजा मिळत नाही. मला स्वतःला ती बिनपगारी घ्यावी लागली, आणि ‘परदेशी सहल’ असा शेरा अर्जावर वाचावा लागला. संशोधक विद्यार्थी व अध्यापक यांच्या बाबतीत हा महिना कर्तव्यरजा म्हणून धरावा, आणि तेथील गुणपत्रक व विभागप्रमुखांचे पत्र एवढे त्यासाठी पुरेसे मानावे. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर नव्वद दिवसांपर्यंत राहता येते. तेव्हा रजा सहा आठवड्यांची दिल्यास वर्ग संपल्यावर विद्यार्थी आगगाडीने दोनेक तासांवरच्या लिस्बनला जाऊन तोर्रे दु तोंबु हा राष्ट्रीय दफ्तरखाना आणि सागरपार वसाहतींचे दफ्तर येथे पंधरा दिवस बसू शकतो. माझ्याकडे ते पंधरा दिवस नव्हते. विद्यापीठांची परिपत्रके निघायला लागणारा वेळ पाहता, पुढील जुलैसाठी हा निर्णय दिवाळीपूर्वी व्हायला हवा.

आपला विश्वासू,
इतिहासाचा एक निवृत्त प्राध्यापक, वसई