डिकीतला पाण्याचा कॅन

पाटण,
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

चि. सुजास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दोन मिनिटांत "बरं आई, ठेवते" म्हणतेस, म्हणून कागद घेतलाय. कागद कट करता येत नाही.

भाऊबीजेला तू रात्री आठला निघालीस आणि "पोचले" आलं सव्वाअकराला. इथून चिपळूण साठेक किलोमीटर, घाट धरून दोन तास. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणालीस, वाटेत चहाला थांबले होते. मी गप्प बसले. हेळवाकच्या पुढे रात्री नऊनंतर कुठली टपरी उघडी असते हे मला ठाऊक आहे, त्या रस्त्यावर नानांच्या कमांडर जीपच्या वडाप धंद्यावर (प्रवासी भरून ने-आण) आपलं घर चाललंय. असो. ते या पत्रात काढायचं नाही असं ठरवून बसलेय. तू नानांना विचारलं होतंस ना, या जुन्या स्कॉर्पिओवर आणखी खर्च करू का विकून दुसरी घेऊ? त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही, भांडण काढलं. म्हणून उत्तर मी लिहितेय.

त्यांचं मनावर घेऊ नकोस. तू हातपाय धुवायच्या आत त्यांनी बोनेट उघडलं, रेडिएटरच्या पाइपापाशी पांढरी पापडी धरलेली, म्हणजे पाणी गळत असल्याची खूण, दिसली आणि तिथूनच ओरडले, "भंगार हाय ते, घाल इकून." तूही काही कमी नाहीस. "तुमच्या कमांडरपेक्षा बरी आहे" म्हणालीस. ते त्यांना लागलं. जेवले नाहीत नीट. तू निघताना ओट्यावर आले नाहीत ते रागाने, असं तुला वाटलं असेल. पण पावणेआठला पाच लिटरचा तेलाचा कॅन राखेने घासून, पाणी भरून तुझ्या डिकीत फराळाच्या पिशवीमागे ठेवला तो त्यांनीच. मला म्हणाले, सांगू नको. मी सांगितलं नाही, आता लिहितेय.

तो कॅन दिसला का तुला?

2002 साली स्कॉर्पिओ पहिल्यांदा आली तेव्हा हा माणूस कराडला जाऊन नुसती बघून आला होता. घ्यायची ऐपत नव्हतीच. आठ दिवस तोंडी तेच, नाशकात बनती, आवाज येत नाही, पाय लांब करून बसता येतं. तू 2022 ला जुनी का होईना तीच गाडी दारात आणलीस, तेव्हा पूजा मी केली पण नारळ फोडून झाल्यावर चाकांखाली लिंबं ठेवायला ते स्वतः वाकले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं तेव्हा. वाडीत मुलींनी स्कूटी आणल्या, नवऱ्याच्या गाडीतून मुली आल्या, पण एवढी मोठी गाडी स्वतः चालवत घाट चढून आलेली तू पहिली. तुकाआप्पा बघायला आले तर नाना त्यांना म्हणाले, "डॉक्टरीणबाईंची हाय." तुझ्यापुढे ते असं कधी बोलणार नाहीत.

आता गाडीचं. माझी लाल वही अजून आहे. कमांडरचं डिझेल, सीट, हप्ता, पोलिसांचं, सगळं मी लिहायचे. तू जेव्हा जेव्हा सांगितलंस तेवढं तुझ्या गाडीचंही त्यातच मागच्या पानांवर लिहिलंय. गाडी 3,50,000 ला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग मिळून 17,000. चार टायर 34,000. पुढचे बुश आणि बॉल जॉइंट 14,000. एसी दोनदा. तीन वर्षांत 1,08,000 झाले. महिन्याला तीन हजार. हे काही फार नाही, खरंच नाही.

दादा म्हणतो नवी घे. 22 सप्टेंबरपासून जीएसटी उतरला, मोठ्या गाडीवर 28 टक्के आणि वर 22 टक्के सेस होता तो जाऊन सरसकट 40 झाला. बोलेरोसारख्या चार मीटरच्या आतल्या गाडीवर 18 च. त्याने मोबाइलवर मला हिशोब दाखवला, मी तो माझ्या वहीत करून बघितला. दहा लाख कर्ज, सात वर्षं, 9 टक्के धरले तर हप्ता सोळा हजारांच्या वर. सात वर्षांत व्याजच साडेतीन लाख. म्हणजे ही अख्खी गाडी तू ज्या भावात घेतलीस, तेवढं नुसतं व्याज. आणि रोजचं तुझं जाणं त्या धनगरवाड्यांच्या रस्त्यांनी, जिथे नव्या गाडीचा बंपर आठ दिवसांत खाली येईल.

तर हिशोब म्हणतो ठेव. मी म्हणते वीक.

का म्हणते ते मला नीट लिहिता येत नाही. दादाने आणखी एक दाखवलं, 2016 साली धडक देऊन गाड्या तपासल्या तेव्हा एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले होते, आणि 2022 ला नव्या स्कॉर्पिओ-एनला पाच. तुझ्या मॉडेलला ना एअरबॅग ना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं). ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्यांना सक्तीची झाली ती 2019 च्या जुलैपासून. हे वाचून भीती वाटलीच. पण खोटं कशाला बोलू, मला रात्री जाग येते ती धडकेच्या भीतीने नाही. तू सांभाळून चालवतेस. नानांपेक्षा चांगली चालवतेस, ते झोपलेत म्हणून लिहिते.

तुला आठवत नसेल, तू दीड वर्षाची होतीस. एका रात्री कमांडर आली नाही. तेव्हा फोन कुठला. शेवटची फेरी नऊला यायची, अकरा वाजले, एक वाजला. तुला कडेवर घेऊन बॅटरी घेऊन मी फाट्यावर उभी. पाऊस असा की बॅटरीचा उजेड हातभर पुढे जात नव्हता. सासूबाई दोनदा येऊन म्हणाल्या, चल घरात, पोरगी गारठल. पहाटे दुधाच्या टेंपोतून ते उतरले, डाव्या हाताला पंचा गुंडाळलेला. गाडी गरम झाली म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी हातावर आलं. तो डाग म्हणजे तेच. तू लहानपणी त्याला नकाशा म्हणायचीस. रात्रभर गाडीत झोपले होते घाटात. सकाळी हसत होते. पुरुषमाणूस, गाडीत झोपला, पहाटे टेंपोला हात केला, आला.

हे वाक्य मला लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. खोडत नाही, खोडलेलं तू उजेडात धरून वाचतेस.

मी तुला कधी मुलगी म्हणून अडवलं नाही, आणि आताही अडवत नाही. मला शिकायची होती गाडी. नानांनी दोनदा कोयनेच्या काठच्या मळीच्या शेतात स्टेअरिंग हातात दिलंही. मामंजींना कळलं, ते ओट्यावरून एवढंच म्हणाले, बाईमाणसाला कशाला. संपलं. तेव्हाच मनात म्हटलं होतं, मला मुलगी झाली तर हे तिच्या कानावर येऊ द्यायचं नाही. म्हणून तर मी पाइप, क्लिप, कूलंट असलं विचारत बसते. तू म्हणतेस, आई तू मेकॅनिक झालीस का. नाही गं. दुसरं काय विचारू?

आणि रात्री जाऊ नको असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू? मागच्या श्रावणात रात्री दोनला तू त्या म्हशीकडे गेलीस, रेडकू आडवं आलेलं, खांद्यापर्यंत हात घालून दीड तास. त्या म्हाताऱ्याने तुला सव्वा रुपया आणि नारळ दिला, तो नारळ तू इथे आणलास. मी तो देवापुढे ठेवला होता, फोडवला नाही कितीतरी दिवस. जनावर काही दिवस बघून अडत नाही.

विषय कुठे गेला. तर ठेवायची असेल तर हे करून घे. (भाषण वाटलं तर एवढा परिच्छेद सोड.) फेब्रुवारीत गाडीला पंधरा वर्षं होतात, आरसीची मुदत संपते. मुदत संपायच्या साठ दिवस आधी पुनर्नोंदणीचा अर्ज करता येतो, म्हणजे डिसेंबरातच हातात घे, मार्चला आठवण नको. फी पूर्वी 600 होती, 2022 च्या एप्रिलपासून 5,000 झालीय, वर पर्यावरण कर, आणि गाडी नेऊन दाखवावी लागते. नवी नंबरप्लेट बसवलीस का? पास झाली तर पाच वर्षं मिळतात. पण पैसे भरायच्या आधी गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बघून घे. वरून रंग चकचकीत असतो, कोकणातली खारी हवा खालून खाते. हातोडीने ठोकून बघायचं, खणखणीत वाजलं तर लोखंड, भद्द वाजलं तर पापुद्रा. चेसिस गेली असेल तर मग इंजिनावर एक रुपया घालू नकोस. टायरवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. तू टाकलेत ते नवे म्हणून घेतलेस ना, आकडे बघितलेस का? ज्याने गाडी विकली त्याने मीटर 86,000 चा दाखवला होता आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं. नानांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मीटर मागे फिरवलाय ते. तुझा आनंद बघून गप्प बसले. तेव्हा बोलायला हवं होतं, आता भाऊबीजेला ओरडून काय उपयोग, हे मी त्यांना सांगितलंय.

आणि ते "एवढं एक काम केलं की दहा वर्षं बघायला नको" हे वाक्य कुठल्याही गॅरेजवाल्याकडून ऐकलंस की उठून ये. 1999 ला हेच ऐकून माझ्या पाटल्या गेल्या. कमांडरच्या इंजिनाचं हेड उतरवलं, बोअर केलं, पिस्टन-रिंगा नव्या. काचेवर "नाईकबा प्रसन्न" नव्याने लिहून आणलं, पेढे वाटले. आठ महिन्यांनी चेसिसला तडा. किलोवर गेली शेवटी. नाना त्या दिवशी वजनकाट्यापाशी उभे राहिले नाहीत, मागे फिरून रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचं "भंगार" हे तिथून येतं. तुझ्या गाडीला नाही म्हणाले ते.

बघ, सल्ला द्यायला बसले आणि पाटल्यांवर आले. नव्या पाटल्या तू केलेल्या आहेत, त्या कुणी मागायच्या नाहीत. पण माझी पोस्टातली दोन लाखांची ठेव जानेवारीत सुटतेय. बोलेरो घ्यायची ठरवलीस तर ती तुझी. नानांना माहीत नाही, दादालाही नाही. जुनीच ठेवलीस तर ती पुन्हा ठेवीन, रुसणार नाही. तू कमावतेस, गाडी तुझी, निर्णय तुझा. हे मी मनापासून लिहितेय, जरी वर "वीक" लिहिलं असलं तरी.

सोबत इंद्रायणी पाच किलो, कडबोळी, आणि एका पुडक्यात रेडिएटरचे दोन पाइप आणि चार क्लिपा आहेत. नाना परवा एसटीने कराडला जाऊन घेऊन आले. मला म्हणाले, तुझ्या नावाने पाठव. पाइप बदलताना कूलंटही पूर्ण काढून नवं भरायला सांग, साधं पाणी त्यात गेलं असेल तर विशेष.

गेलंय का साधं पाणी?

तो कॅन भरलेला आहे की रिकामा, एवढं मला कळव. नानांना नको, मला एकटीला. रिकामा असेल तर मी ओरडणार नाही. कुठल्या वळणावर थांबली होतीस, किती वेळ, रेंज होती का, कुणी थांबलं का, काहीसुद्धा विचारणार नाही. फक्त कॅन.

तुझी,
आई

ता.क. नाना उठलेत, मागे उभे राहून वाचायला बघतायत, मी पान झाकलंय. त्यांचं म्हणणं लिहिते: सकाळी गार गाडीचं झाकण काढून इंजिन चालू कर आणि पाण्यात सारखे बुडबुडे येतात का बघ. ऑइलचं झाकण उघड, आत दुधाच्या चहासारखा थर आहे का ते बघ. दोन्ही नसेल तर हेड शाबूत आहे, पाइपावर भागेल. असेल तर गाडी हलवू नकोस, ते येतात म्हणे तिकडे, सकाळच्या एसटीने.