खालच्या बैठकीबद्दल

लष्कर, ग्वाल्हेर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे नीट बोलणं होत नाही. दादा मध्येच स्पीकर लावतो आणि आई, तू "बघू गं" म्हणून विषय मिटवतेस. म्हणून पत्र. तुम्ही पुण्याला गेल्यापासून वाड्यातली खालची बैठक कुलपात आहे. ती मला मी शिकवते त्या मुलांच्या वेटलिफ्टिंगसाठी हवी आहे. तुम्ही परत येऊन राहायचं म्हणालात तर आठवड्याभरात मोकळी करून देईन. पण कशासाठी हवी ते पुरतं समजल्यावरच तुम्ही हो म्हणावं, असं मला वाटतं.

बाबा, माझी फेकायची पहिली थाळी तुम्हीच मेरठहून मागवलीत. लाकडी, कडेला लोखंडी पट्टी, एक किलोची. आपल्या गावात खेळ म्हणजे हॉकी, नाहीतर क्रिकेट. रूपसिंह स्टेडियमवर सचिनने 2010 मध्ये दोनशे केले ते लोक अजून सांगतात. थाळीफेकीचं वर्तुळ कुठे आहे ते विचारलं तर बोट दाखवणारा मिळत नाही. अशा गावात तुम्ही संध्याकाळी मैदानाच्या टोकाला उभे राहून थाळी परत आणून द्यायचात. त्याच गावात लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची संस्था 1957 पासून आहे म्हणून मला शिकायला बाहेर पडावं लागलं नाही. पटियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था त्यानंतर.

तिथे दुसऱ्या वर्षी माझी थाळी एका अंतरावर येऊन अडली. सरांनी मैदानावरून उठवून वजनांच्या हॉलमध्ये नेलं आणि हातात नुसती काठी दिली. काठीवर स्नॅच शिका म्हणाले, म्हणजे वजनांचा दांडा, बार, जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर नेणं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, फेक हाताची असते. जोर निघतो तळपायातून. गुडघा, कंबर, पाठ, खांदा असा चढत जातो आणि हात सगळ्यांत शेवटी येतो. स्नॅचमध्येही तेच. घोटा, गुडघा आणि कंबर एकदम सरळ होतात, बार उसळतो, आणि तो वर असतानाच माणूस त्याच्या खाली बसतो. नुसत्या हातांनी ओढलेला बार डोक्यावर जात नाही. गोळाफेकीत तर हिशेब अगदी उघड आहे: हातातून सुटताना गोळ्याचा वेग दहा टक्क्यांनी वाढला, तर अंतर वीस टक्क्यांच्या आसपास वाढतं. तो वेग कमी वेळात जास्त जोर लावण्यातून येतो, आणि ते शिकवायला बारसारखं दुसरं साधन मला अजून सापडलेलं नाही. म्हणून मी दोन्ही शिकवते. माझ्यासाठी ते दोन विषय नाहीतच.

आई, तुझी शंका वेगळी आहे, आणि ती माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईची असते: वजन उचलून मुलीची उंची खुंटेल. नाही खुंटत. लिफ्टर बुटके दिसतात, कारण आखूड हातापायांच्या माणसाला बार कमी अंतर उचलावा लागतो, म्हणून तेच या खेळात टिकतात. थाळीफेकवाल्या मुली उंच असतात आणि त्याही लहानपणापासून वजनं उचलतात. धोका असतो तो न शिकवता, कोणी जवळ नसताना, ईर्ष्येने वजन वाढवण्यात. मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकला रौप्य जिंकलं तेव्हा तू टीव्हीसमोर हात जोडून बसली होतीस. 49 किलो वजनी गटातली बाई, क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर, 115 किलो, स्नॅच धरून 202. ऑलिंपिकमध्ये बायकांचं वेटलिफ्टिंग सुरूच झालं 2000 साली, सिडनीला, आणि त्याच वर्षी मल्लेश्वरीने कांस्य आणलं. मला माझ्या मुलींना हे सांगावं लागतं, कारण घरी त्यांना कोणी सांगत नाही.

मग बैठकच का? मोकळ्या मैदानावर फेक होते, लिफ्टिंग होत नाही. इथल्या जिममध्ये बार खाली टाकू देत नाहीत. फरशी फुटेल, आवाज होईल म्हणतात. आणि बार टाकता येणं ही या खेळातली पहिली सुरक्षितता आहे. मी मुलांना वजन वाढवण्याआधी फसलेला बार सोडून बाजूला सरकायला शिकवते. ज्याला टाकायची मुभा नाही तो चुकीच्या क्षणी बार धरून ठेवतो, आणि मग मनगट, कोपर, खांदा जातो. मुरारहून सायकलने येणारी माझी एक मुलगी आहे, गोळा फार सुंदर टाकते. जिममध्ये ती बार इतका जपून उचलते की बघवत नाही.

बैठकीचं छत उंच आहे, खाली तळघर नाही. दगडी पटियांना धक्का लागणार नाही: वर प्लायवूडचे आडवे-उभे थर, आणि प्लेट पडतात तिथे दोन्ही बाजूंना जाड रबर. स्पर्धेचा प्लॅटफॉर्म चार मीटर बाय चार मीटरचा असतो. आपला जरा लहान बसेल, शिकायला पुरेल. प्लेटही रबराच्या, हलक्या असल्या तरी मोठ्या प्लेटांइतक्याच व्यासाच्या, म्हणजे नवख्या मुलालाही बार योग्य उंचीवरून उचलता येतो. काकूशी बोलले आहे. संध्याकाळी पाच ते सात, गुरुवारी तिचं भजन असतं म्हणून सुट्टी, यावर ती राजी आहे.

बाबा, मागे तुम्ही विचारलं होतंत, यात तुला काय मिळतं? पोरं शिकतात आणि मोठ्या अकादमीत निघून जातात. जातात, खरं आहे. जावंच त्यांनी. बोंदारचुक नावाचा हातोडाफेकीतला सोव्हिएत खेळाडू होता, 1972 चा ऑलिंपिक विजेता. 1976 ला माँट्रियलला तो पुन्हा उतरला आणि तिसरा आला. पहिला आला सेदिख, त्याने स्वतः घडवलेला शिष्य. त्याच सेदिखने 1986 मध्ये 86.74 मीटर फेकला, तो विश्वविक्रम अजून उभा आहे. माझ्या मुलांची धाव जिल्हा-राज्यापर्यंतची आहे, तरी एखादीची फेक पहिल्यांदा कंबरेतून निघालेली दिसते तेव्हा माझी स्वतःची कुठलीही फेक मला इतकी आवडली नव्हती, हे मनापासून सांगते.

तुमचं पुस्तकांचं कपाट वरच्या खोलीत हलवावं लागेल. झोपाळ्याच्या कड्या आहेत तिथेच राहतील, त्यांना हात लावणार नाही. कपाटाची किल्ली पुण्याला तुमच्याकडे आहे की काकूकडे, ते कळवा. आणि हो-नाही दोघांनी वेगवेगळं सांगा. आईचं उत्तर बाबांनी द्यायचं नाही. होकार आला की सुताराला मापं घ्यायला बोलावते.

तुमची धाकटी