बंड्या, थँक्यू, त्या पुसलेल्या तव्याबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल

बंड्या,

हे तुला व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा टाकून मोकळा झाला असतास, म्हणून मुद्दाम इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता पळून दाखव.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. मी दूध, दही, तूप, लोणी, पनीर सगळं सोडलंय, अंडं-मांस आमच्या घरात तसंही नव्हतंच. का सोडलं ते आज सांगत बसत नाही, ज्याला ऐकायचंय त्याने घरी या, कोरा चहा पाजते आणि सांगते. बंड्या स्वतः व्हीगन नाहीये, होणारही नाही, रविवारी त्याच्याकडे मटण शिजतं आणि फ्रीजमधे अमूलचा अर्धा किलोचा पॅक कायम असतो. आणि तरी माझं हे सगळं प्रकरण जर कुणामुळे निभावलं असेल तर ते याच्यामुळे.

आपल्या ग्रुपमधे बघ ना, एक जण जैन, त्याला कांदा-लसूण-बटाटा नाही, एकीचा गुरुवार, एकाची चतुर्थी, एकाला कोळंबीने अंगावर पित्त उठतं, दोघांचा श्रावण एकदम कडक आणि श्रावण संपला की चिकन त्याहून कडक. हे सगळं सगळ्यांना तोंडपाठ आहे, ऑर्डर देताना कुणी कुणाला विचारत पण नाही. पण मी "लोणी नको" म्हणलं की झालं सुरू, मग तू खातेस तरी काय, झाडांना पण जीव असतो, हे काय नवीन फॅड, आपल्या आज्या तूप खाऊनच नव्वद वर्षं जगल्या वगैरे वगैरे. मी उत्तरं देऊन देऊन थकले होते आणि खरं सांगू, ग्रुपबरोबर जेवायला जायचंच टाळायला लागले होते, काहीतरी कारण काढायचं आणि घरी बसून पोहे खायचे. तेव्हा तू एकच वाक्य बोललास, "अरे तुमचा महिनाभराचा श्रावण चालतो ना, मग हिचा बारमाही आहे असं समजा आणि मेनूकार्ड इकडे द्या." विषय संपला. म्हणजे टोमणे पूर्ण बंद झाले असं नाही, पण जेवायच्या टेबलावर माझी उलटतपासणी बंद झाली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तू कधी माझी बाजू पटल्याचं नाटक केलं नाहीस. तुला नाही पटत, तू तसं सांगतोस पण, आणि मग पुढच्या क्षणाला पाकीट उलटं करून बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायला लागतोस. मला पटवून घेणारी माणसं नको होती रे, वादाला तर माझ्याकडे वेळच नव्हता, मला कुणीतरी "बरं मग पाव कशावर भाजायचा" एवढं विचारणारं हवं होतं.

ती पावभाजीची गाडी आठव. आपण सगळे भुकेने कावलेले, गाडीवर ही गर्दी, आणि तू पुढे होऊन एकदम शांतपणे म्हणालास, "दादा, एक प्लेट तेलात कराल का, तवा तेवढा आधी पुसून घ्या, घाई नाही, पैसे बटरवाल्याचेच लावा." दादांनी पण काही आढेवेढे नाही घेतले, तापलेल्या तव्यावर पाणी मारलं, चर्र करून वाफेचा लोट, मग उलथण्याने कडेपासून मधपर्यंत सगळं पिवळं खरवडून काढलं, फडक्याने पुसलं, आणि तेलावर कांदा, सिमला मिरची, टोमॅटो टाकून मसाला परतला आणि बटाटा-वाटाणा घालून स्मॅशरने ठेचायला लागले. माझ्यासाठी सगळे थांबले म्हणून मी कानकोंडी झाले होते, तर तू तेवढ्या वेळात त्यांच्याकडचा तो पिवळ्या ठोकळ्याचा डबा मागून घेतलास आणि लेबल वाचत बसलास. ते बटर नव्हतंच, मार्जरीन होतं, म्हणजे नकली लोणी! बऱ्याच गाड्यांवर हेच असतं, बटरपेक्षा स्वस्त पडतं. मी म्हणणार होते की अरे मग चालेल मला, तर तू बोट ठेवून दाखवलंस, वनस्पती तेल, पाणी, मीठ आणि पुढे मिल्क सॉलिड्स. म्हणजे लोणी नाही पण दूध आहे. तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटावर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट हे तीन शब्द शोधते, तिन्ही दुधातूनच येतात, आणि सगळ्यात सोपं म्हणजे शेवटी ॲलर्जीची ओळ असते, तिथे दूध लिहिलंय का ते बघते. हिरव्या ठिपक्यावर जाऊन उपयोग नाही, तो फक्त व्हेज आहे एवढंच सांगतो, दूध आणि मध त्यात बसतात. व्हीगनचं वेगळं चिन्ह आहे, हिरवा व्ही आणि वर पान, एफएसएसएआयने, म्हणजे खाण्याच्या पदार्थांचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022 मधे त्याचे नियम आणले, पण आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात ते चिन्ह शोधायला गेलं तर संध्याकाळ व्हायची.

आणि मार्जरीनवरून तू जे लेक्चर दिलंस ते मी अजून लोकांना ऐकवते, तुझं नाव न घेता, सॉरी नॉट सॉरी. की 1869 साली फ्रान्समधे तिसऱ्या नेपोलियनला स्वस्त आणि टिकाऊ लोणी हवं होतं, सैन्यासाठी आणि गरिबांसाठी, आणि इपोलित मेज-मुरिए नावाच्या केमिस्टने ते बनवलं ते चक्क गाईच्या चरबीपासून. म्हणजे नकली लोण्याची सुरुवातच मांसाहारी! वनस्पती तेलं नंतर आली, तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि त्यातूनच आपला डालडा, 1937 चा. मग मी उत्साहात म्हणलं की म्हणजे डालडा व्हीगन, आणायचा का, तर तू असा काही चेहरा केलास की बस. ट्रान्स फॅटचं प्रकरण, म्हणजे तेल असं घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला वाईट चरबी, तेव्हा मला कळलं. आता जानेवारी 2022 पासून तेलात आणि वनस्पती तुपात ते 2 टक्क्यांच्या वर चालत नाही, पण तरी पावावर डालडा फासून खायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून तू जे केलंस त्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

तुझ्या किचनमधलं ते बटर. आधी आपण विकतचं बघितलं होतं, छोटासा डबा आणि किंमत बघून दोघांनीही तो परत फळीवर ठेवला. मग तू म्हणालास बटर म्हणजे असतं काय, कमीत कमी 80 टक्के फॅट, बाकी पाणी आणि थोडं इकडचं तिकडचं, जमेल की. 200 ग्रॅम खोबरेल, 40 ग्रॅम सूर्यफुलाचं तेल, 60 मिली बिनसाखरेचं सोया मिल्क, बरोबर 80 टक्के, तुझा हिशोब तू टाइल्सवर मार्करने लिहिला होतास आणि काकूंनी तो बघितल्यावर जे म्हणल्या ते मी इथे लिहीत नाही. खोबरेल रिफाइंडच पाहिजे, म्हणजे वास नसलेलं, नाहीतर पावाला चंपी केल्यासारखं लागतं. सोया मिल्कमधे आधी लिंबू पिळून ठेवायचं, ते जरा फाटतं आणि लोण्याचा आंबूसपणा तिथूनच येतो. मग मीठ, रंगाला चिमटीच्या टोकावर हळद, एक चमचा लेसिथिन, कारण त्याशिवाय तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि हँड ब्लेंडर. इथपर्यंत मला पण जमलं असतं. पण पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून फिरवत राहायचं हे तू शोधलंस, हळूहळू गार केलं की वेगळं होतं नाहीतर रवाळ होतं, झटकन गार केलं की गुळगुळीत बसतं. ते पहिल्यांदा घट्ट व्हायला लागलं, ब्लेंडरच्या पात्याभोवती फिकट पिवळी घडी पडायला लागली तेव्हा तू जे ओरडलास ते खालच्या मजल्यावर पण ऐकू गेलं असणार.

एप्रिलमधे ते ओट्यावर ठेवल्या ठेवल्या पातळ व्हायचं, कारण खोबरेल 24 डिग्रीलाच वितळतं आणि पुण्याचा एप्रिल काय असतो ते सांगायला नको. त्यावर तुझ्या कुडाळच्या आजीचं मुठेल! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोकमाच्या बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळवून वर जी चरबी येते ती काढून हाताने मुठीएवढे गोळे वळतात, ते मुठेल. हिवाळ्यात भेगा पडलेल्या टाचांना लावतात. ते चाळीस डिग्रीच्या आसपासपर्यंत घट्ट राहतं, म्हणून तू खोबरेल थोडं कमी करून त्या जागी मुठेल किसून घातलंस, आणि आजी फोनवर, "मेल्या, टाचेक लावतत ता पावाक लावतस?" मग स्वतःच म्हणाल्या की पूर्वी गरम भातावर पण घ्यायचे. चव सांगायची तर किंचित मातकट वास येतो, सवय होते. मला आवडतो. तुला नाही आवडत हे तू दर वेळी सांगतोस आणि दर वेळी किसून देतोस.

एक गोष्ट मात्र तू मला ठामपणे ऐकवलीस आणि ती मी इथे पण लिहिते, कारण लोकांना वाटतं व्हीगन म्हणजे आपोआप हेल्दी. तर नाही. खोबरेल तेलात सॅच्युरेटेड फॅट 80-90 टक्के, बटरमधे पन्नासच्या आसपास. त्यामुळे हे आपलं बटर जनावरांसाठी चांगलं असेल, माझ्या कोलेस्टेरॉलसाठी त्याची काही गॅरंटी नाही, पावाला लावा, पेलाभर पिऊ नका. आणि बी-12 ची गोळी, कारण ते जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही. दर भेटीत "घेतलीस का" हे तू ज्या सुरात विचारतोस त्या सुरात माझी आई पण विचारत नाही.

बाकी खरं सांगायचं तर बटर हा आपल्या जेवणातला केवढासा भाग आहे. पिठलं-भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, भरली वांगी, कारळाची चटणी, कांदेपोहे, सोलकढी, हे सगळं आधीपासूनच माझ्या ताटात बसतं, कुणाला काही बदलायला लागत नाही, फक्त वरून तूप सोडणारा हात आवरावा लागतो. आणि तो हात आवरणं हेच सगळ्यात अवघड आहे, कारण तो आपल्याकडे मायेचा हात असतो, नको म्हणलं की समोरच्याला लागतं. साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याच्या तेलात होते, मस्त होते. अडलं कुठे तर थालिपिठावर. थालिपीठ मी लोण्याच्या गोळ्याशिवाय कधी खाल्लंच नव्हतं, आणि तिथे ते पिवळं बटर अजिबात शोभत नाही, ते पांढरं, आंबट, ताकाचे थेंब असलेलंच पाहिजे. तू भिजवलेले काजू, थोडं खोबरेल, लिंबू आणि मीठ मिक्सरला फिरवून फ्रीजमधे ठेवलंस, गरम थालिपिठाच्या भोकावर तो गोळा ठेवला आणि तो कडेने सुटायला लागला. लोण्यासारखं लागलं असं म्हणणार नाही, काजू कळतोच. पण ताटात पोकळी राहिली नाही. जैन मित्राने पण दोनदा घेतलं आणि मग विचारलं की यात काय आहे.

काकूंना वेगळं थँक्यू. गणपतीत त्यांनी उकडीत तुपाऐवजी तेल घालून माझे मोदक वेगळ्या चाळणीत उकडले आणि ओळखू यावेत म्हणून त्यांच्या शेंड्या वाकड्या ठेवल्या. वरून तूप नाही म्हणून त्यांनाच वाईट वाटत होतं, मग नारळाचं घट्ट दूध दिलं, आणि म्हणल्या की अगं आमच्याकडे शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या रसातच खातात, त्यात कुठे आलं दूध-तूप. पुढच्या वेळी शिरवाळे करणार म्हणाल्यात, मी विसरलेले नाहीये, त्यांना सांग.

तर बंड्या, थँक्यू. तुला भाषण नको असतं म्हणून कामाचं बोलते. मुठेल संपलंय, आजींना सांग दोन गोळे जास्त पाठव आणि पावासाठी हवंय असं सांगितलंस तरी चालेल, आता त्यांना माहितीये. या रविवारी तुझं मटण आटपलं की मी येते, सोया मिल्क आणि काजू माझ्याकडून, बर्फ तू लावून ठेव, मागच्या वेळी ट्रे रिकामा होता. लेसिथिन लागलेलं पातेलं घासायला मी येणार नाही, ते चिकट प्रकरण तुझं तू बघ. आणि टाइल्सवरचा हिशोब पुसला असशील तर परत लिही, मला कोकम घातल्यावरचं प्रमाण उतरवून घ्यायचंय.

तुझी,
बारमाही श्रावणवाली